करून घेण्यात यावे

मंगळवार, रात्र

सभागृहाच्या भिंतींना रंग द्यायचाय, म्हणून आज अध्यक्षांच्या खुर्चीमागचं शहराचं लाकडी मानचिन्ह खाली उतरवलं. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण पाहिलं असं म्हणता येणार नाही. सभा चालू असली की माझी मान वहीत. सभालिपिकाला वर बघायची उसंत मिळते ती सभा तहकूब झाल्यावर, आणि तेव्हा घरी पळायची घाई.

लांब टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून ते उताणं ठेवलं होतं. भिंतीवर एवढंसं वाटायचं, टेबलावर चांगलं ऐसपैस निघालं. मध्ये तीन कमानींचा पूल, खाली लाटा, दोन्ही अंगांना धान्याच्या ओंब्या. चाळा म्हणून दाणे मोजले. डाव्या ओंबीत अकरा, उजवीत दहा. पुन्हा मोजले, तेच. मग बोट फिरवल्यावर कळलं की उजवीकडे अकरावा दाणा जिथे यायचा तिथे लाकडात गाठ आहे. पटाशी तिथे अडली असणार. मग त्या माणसाने दाण्याचा नाद सोडला आणि गाठीला वळसा घालून एक वाकडं पान काढलं. अख्ख्या चिन्हात मला आवडलेली गोष्ट ती एकच. बाकी पूल अगदी सरळसोट आहे, नकाशातून उचलल्यासारखा.

रंगाचीही गंमत आहे. ओंब्या सोनेरी म्हणायच्या, पण कडांना तपकिरी पडल्यात. म्हणजे पितळेच्या भुकटीचा रंग. तो काळवंडतो, सोन्याचा वर्ख काळवंडत नाही. मधल्या कमानीच्या खोबणीत नखाएवढी जागा मात्र अजून लखलखते. आधी वर्ख होता, पुढे कुणीतरी त्यावर डबा फिरवला. म्हणजे दोन माणसं झाली. एक मन लावून करणारा, एक उरकणारा.

पालथं केलं तर मागे पेन्सिलीच्या चौकटी. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच, पण मोठ्या आकारात, लाकडावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. दोन फळ्या जोडून पाट केलाय आणि जोड उभा फाकलाय, कारण लाकूड फुगतं-आक्रसतं ते रेषांना आडवं. धरायला सहा स्क्रू. पाच एका चिरेचे, सहावा फुलीचा. फुलीच्या स्क्रूचं पेटंट 1936 चं, तेव्हा सहावा नक्कीच त्यानंतरचा. चिरेवाल्या पाचांवरून मात्र काही ठरत नाही, ते आजही मिळतात.

दुपारी न राहवून अभिलेख कक्षात गेले. ठरावांच्या जुन्या वह्या काढल्या, शिंकून शिंकून जीव गेला, पण सापडला ठराव. ‘सभागृहाच्या दर्शनी भागी लावणेकामी शहराचे मानचिन्ह तयार करून घेण्यात यावे.’ खाली सूचक, अनुमोदक, दोघांची वडिलांच्या नावासकट पूर्ण नावं. सर्वानुमते मंजूर. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ‘मानचिन्ह बसविण्यात आले’. संपलं.

करून घेण्यात यावे. कुणाकडून? हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलंय याची गणतीच नाही. शाळेत व्याकरणाच्या बाई वाक्यातला कर्ता शोधायला लावायच्या. त्यांना आमची इतिवृत्तं दिली असती तर वर्ग सोडून गेल्या असत्या. करायचं काय ते आहे, ठरवलं कुणी ते आहे, पण करणारा नाही. आणि वाक्य अगदी शुद्ध!

हे आपल्याकडचंच असंही नाही. बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या प्रतिनिधिगृहात पाइनच्या लाकडाचा कोरलेला कॉड मासा टांगलेला आहे. 4 फूट 11 इंच लांब. कॉडच्या मासेमारीवर त्या मुलखाचं पोट चाललं, त्याची ती खूण. 17 मार्च 1784 रोजी जॉन रो नावाच्या सदस्याने तो टांगायचा प्रस्ताव मांडला, तो कामकाजात नोंदलेला आहे. कोरणारा कोण? बॉस्टनचा जॉन वेल्च असावा असं मानतात. सूचक पक्का, कारागीर ‘असावा’! आणखी म्हणजे 1895 मध्ये, सभागृह नव्या जागेत जायच्या वेळी, आपल्या डोक्यावर हा मासा का लटकतोय हे शोधायला सभागृहाला समिती नेमावी लागली. शंभरेक वर्षांत इतकं विसरलं होतं. समितीने इतिहास जुळवला आणि मग माशाला राष्ट्रध्वजात गुंडाळून मिरवत नव्या दालनात नेलं. 1933 मध्ये हार्वर्डच्या काही वात्रट पोरांनी तो पळवला, तेव्हा शहरभर शोधाशोध झाली. हरवल्यावर सगळ्यांना दिसतो.

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या नगरसभागृहात, उलटं आहे. तिथले गॉग आणि मेगॉग हे लाकडी राक्षस 1708 मध्ये कॅप्टन रिचर्ड सॉन्डर्सने कोरले हे माहीत आहे. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले, आत्ताची जोडी डेव्हिड इव्हान्सची, 1953 ची. जळून गेलेल्याचंही नाव उरलं. म्हणजे लिहून ठेवता येतं.

इंग्लंडात मानचिन्ह मंजूर होतं ते मुळी शब्दांत. अमुक रंगाची ढाल, त्यावर तमुक प्राणी. चित्र सोबत असतं, पण प्रमाण ते वर्णनच. त्यात बसेल तसा सिंह ज्याने त्याने आपल्या हाताने काढायचा. आमच्या ठरावात तेवढंही नाही. पूल, लाटा, ओंब्या, यातलं एक अक्षर नाही. हे सगळं कुठल्या तरी बैठकीत तोंडी ठरलं असणार. गाठीजवळचं पान तर कुठल्याच बैठकीत ठरलेलं नाही.

संध्याकाळी आमच्या शिपाईमामांना सहाव्या स्क्रूबद्दल विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, तो तुमच्याच वेळचा. चिन्ह एका बाजूने सुटलं होतं, आठवत नाही? सुतार आणला होता.”

वही काढली. माझंच अक्षर. ‘सैल झालेले मानचिन्ह पुनश्च बसवून घेण्यात आले.’

तो माणूस आठवायचा प्रयत्न करतेय. शिडीवर चढण्याआधी त्याने बोटाच्या पेराने चिन्ह ठोकून पाहिलं होतं, कलिंगड पाहावं तसं. कानावर पेन्सिल होती. मी समोरच्या बाकावर बसून मागच्या सभेचं इतिवृत्त उतरवत होते. नाव विचारलंच नव्हतं, तर आठवणार कुठून?

बुधवार

रंग वाळला. सकाळीच सुतार आला, तरुण आहे, वेगळाच. चिन्ह शिडीपाशी नेताना मी म्हटलं, “दादा, नाव सांगा, वहीत लिहायचंय.”

तो बिचकला. “का? काही मोडलं का?”

“नाही हो. बसवलं कुणी ते लिहायचंय.”

“सहा स्क्रू तर पिळायचेत,” तो म्हणाला, “नाव कशाला? तुम्ही जरा शिडी धरा.”