लायसन मिळालं की तिथंच नोकरी लागते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. उदगीरला गेलो, की लग्नाच्या मांडवात कुणीतरी बाजूला घेतंच. "भैय्या, पोराला पायलट करायला अमेरिकेला पाठवायलोत. लायसन मिळालं की तिथंच नोकरी लागंल ना?" मी तिकडंच शिकलो, म्हणून माझ्याकडून 'हो' ऐकायची आशा असते. उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते शेत विकायच्या आधी कळायला हवं.

लायसननं विमान उडवता येतं. त्या देशात राहून कमवता येईल का, हे व्हिसा ठरवतो. अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलसाठी बहुतेकांना एम-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळतो. त्यावर सुरुवातीला फार तर वर्षभर राहता येतं आणि शिकताना नोकरी करता येत नाही. कोर्स झाल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागं एक महिना, तोही जास्तीत जास्त सहा महिने, प्रॅक्टिकल ट्रेनिंगला परवानगी मिळू शकते. मग परत यायचं आणि डीजीसीएकडून, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक खात्याकडून, भारतीय लायसन काढायचं. त्याला २०० तासांचं फ्लाइंग, इथल्या परीक्षा आणि क्लास वन मेडिकल लागतं. मेडिकल आणि पेपर दोन्ही जायच्या आधी उरका, एवढं माझं ऐकाच. डोळ्यांचा किंवा कानाचा दोष लाखो रुपये भरल्यावर कळला तर घर बसतं.

"टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू" असं सांगणारा एजंट भेटला, तर तिथून उठा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले दोन वैमानिक फ्लोरिडात विमान शिकले होते, आणि देशात शिरले होते पाहुण्यांच्या व्हिसावर. त्यांना विद्यार्थ्याचा दर्जा मंजूर झाल्याची पत्रं त्या स्कूलमध्ये पोचली मार्च २००२ मध्ये, म्हणजे हल्ल्याला सहा महिने होऊन गेल्यावर! त्यानंतर नियम आवळले. आता पर्यटक म्हणून जाऊन असा कोर्स सुरू करता येत नाही, आणि विद्यार्थी व्हिसा असला तरी टीएसए या तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेची वेगळी तपासणी, बोटांचे ठसे हे सगळं होतंच.

पैशाचं आपल्याकडं जरा अवघड असतं. एम-१ साठी पूर्ण कोर्सचा आणि राहण्याचा खर्च हाताशी आहे, हे दाखवावं लागतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं बऱ्याच घरांत रिटर्न भरलेलं नसतं. सातबारा दाखवून जमीन कळते, पण ती काही रोख नव्हे. बँकेतली शिल्लक, एफडी, मंजूर कर्जाचं पत्र असं काहीतरी हवं.

आणि नाव! माझ्या बारावीच्या मार्कमेमोवर बोर्डाच्या पद्धतीनं आडनाव आधी होतं. स्कूलचा फॉर्म भरताना मी तीच ओळ उतरवली. आय-२० (व्हिसासाठी स्कूल देतं तो प्रवेशाचा कागद) आला तेव्हा त्यावर माझं आडनाव हे नाव झालेलं आणि वडिलांचं नाव हे आडनाव. पासपोर्टशी काहीच जुळेना. दुरुस्त कागद यायला तीन आठवडे गेले आणि तोवर वडिलांना झोप नव्हती. म्हणून फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि अक्षर न् अक्षर त्यातूनच घ्या.

"पायलटला व्हिसा लागत नाही म्हणे," असंही विचारतात. ब्रिटनमध्ये विमान घेऊन येऊन सात दिवसांत ड्यूटीवरच निघणाऱ्या क्रूला तशी सवलत आहे. अमेरिकेत मात्र क्रूलाही व्हिसा लागतो आणि एका वेळी २९ दिवसांच्या वर राहता येत नाही. प्रत्येक देशाचं वेगळं असतं.

व्हिसाच्या मुलाखतीत अधिकारी विचारतोच, "शिकून काय करणार?" पोरानं घरी ऐकलेलं "तिथंच नोकरी" हे सांगितलं, तर बहुधा व्हिसा तिथंच नाकारला जातो, कारण परत येणार हे पटवायचं अर्जदारानंच असतं. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी मलाही हाच प्रश्न आला. डीजीसीएचे तीन पेपर मी आधीच काढले होते. ते निकाल काचेखालून सरकवले आणि म्हणालो, उरलेले पेपर आल्यावर देणार आहे.