दोन टक्के

परवा दापोलीला गेलो होतो, नर्सरीतल्या कलमांच्या काळ्या पिशव्या संपल्या होत्या म्हणून, आणि केळसकर नाक्यावर गाडी अडकली ती नेमकी एका फ्लेक्ससमोर. मधोमध आमचे सर. म्हणजे माझे गाईड नव्हेत, कृषी विद्यापीठातल्या शेजारच्या डिपार्टमेंटचे, आता एका कॉलेजात असतात. मागे पृथ्वीचा गोळा, खाली पाच-सहा नेत्यांचे हात जोडलेले फोटो आणि वर लाल अक्षरात 'जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड'. सर सुटाबुटात. मी सरांना आयुष्यात सुटात बघितलेलं नाही, कायम तो चौकटीचा हाफ शर्ट आणि खिशाला पेनाच्या शाईचा डाग, त्यामुळे मानेखालचा माणूस दुसराच कुणीतरी आहे हे लांबूनही कळत होतं.

मागच्या सीटवर अण्णा होते. चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "दोन टक्के? एवढे कमी?"

मी म्हटलं अण्णा, मार्क नव्हेत ते.

"मग काय, व्याज?"

तर अण्णांना गाडीत बसून जे समजावलं तेच इथे लिहितो, कारण दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ही बातमी पेपरात येतेच येते, गाव आणि फोटो फक्त बदलतात. बातमीत असतं की अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने निवड केली. निवड वगैरे कुणी केलेली नसते हो. जॉन आयोनिडिस नावाचे स्टॅनफर्डचे प्राध्यापक आहेत, ते आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हियर कंपनीच्या स्कोपस डेटाबेसवरून ही यादी काढतात, 2019 पासून. कुणी अर्ज करत नाही, कुणाची मुलाखत नाही, सरांचा पेपर कुणी उघडून वाचलाय असंही नाही. तुमच्या पेपरांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, एच इंडेक्स किती (म्हणजे दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख मिळाले तर दहा), एकट्याने लिहिलेल्या किंवा पहिलं नाव असलेल्या पेपरांना किती सायटेशनं मिळाली अशा सहा आकड्यांची मिळून एक बेरीज होते, आणि त्या बेरजेवर जे पहिल्या एक लाखात किंवा आपापल्या उपविषयात वरच्या दोन टक्क्यांत बसतात त्यांची नावं एक्सेल शीटमध्ये येतात. अख्ख्या कारकिर्दीची यादी वेगळी आणि फक्त एका वर्षाची वेगळी, फ्लेक्सवाल्याला त्यातली कुठली ते विचारायचं नाही.

सायटेशन म्हणजे काय, तर लग्नातल्या आहेरासारखं आहे ते. खरं कौतुक म्हणूनही देतात आणि त्यांनी आपल्याला दिलेला म्हणून परत करायचा म्हणूनही देतात. यादीवाल्यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशनं वगळून आकडा किती होतो तोही ते छापतात. आणि गंमत म्हणजे हेच आयोनिडिस जगभर गाजले ते 2005 साली, प्लॉस मेडिसिनमध्ये लिहिलेल्या एका निबंधामुळे, ज्याचं म्हणणं असं की प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले बहुतेक निष्कर्ष चुकीचेच असतात. आता त्याच माणसाच्या यादीचे आपल्याकडे नाक्यानाक्यावर फ्लेक्स. असो.

अण्णांचं यावर म्हणणं एवढंच की "आमच्या रँग्लरचा कुठे फ्लेक्स लागला होता?" आणि विषय मुर्डीवर गेला, जायचाच होता. आम्ही अंजर्ल्याचे, मुर्डी अगदी शेजारी, आणि अण्णांच्या पिढीला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे म्हणजे घरचंच कार्य. 1876 साली मुर्डीत जन्म, मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या नात्यातले आणि त्यांच्याच आधाराने शिकलेले, आणि 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सगळ्यात वर, सीनियर रँग्लर, एका इंग्रज पोराबरोबर बरोबरीत. पहिलेच हिंदी. तेव्हा हे देशभर गाजलं. फ्लेक्स नसतील, पण फोटो, सभा, सत्कार सगळं झालं, आणि मराठीत तेव्हापासून रँग्लर हा शब्द आडनावाच्या आधी लागायला लागला तो अजून निघालेला नाही. पोरगा गणितात नापास झाला की आमच्याकडे अजून म्हणतात, हे आमचे रँग्लर.

पण मी अण्णांना पुढचं सांगितलं, जे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं बहुतेक. परांजप्यांच्या आदल्या वर्षी त्याच परीक्षेत हार्डी नावाचा एक जण चौथा आला होता. चौथा. तोच पुढे शतकातला मोठा गणिती झाला, रामानुजनची पत्रं आली तेव्हा त्यांची किंमत ओळखली ती त्यानेच, आणि ही नंबर लावायची पद्धत बंद करा म्हणून भांडणाऱ्यांतही तोच पुढे. 1909 नंतर केंब्रिजने नंबरांची यादी जाहीर करणं बंदच केलं. आणि आमचे रँग्लर? त्यांनी पुढे गणितात काही मोठा शोध लावला असं नाही. फर्ग्युसनला परत येऊन पोरं शिकवली, प्राचार्य झाले, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, कुलगुरू झाले. मोठाच माणूस, पण ज्या यादीमुळे नाव झालं तिच्याशी त्या मोठेपणाचा फारसा संबंध राहिला नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "चौथा तो चौथाच." संपला विषय.

आता माझं खरं दुखणं सांगतो. यादीबद्दल तक्रार नाही, सरांबद्दल तर बिलकूल नाही. माझं म्हणणं आहे रातांब्याबद्दल, म्हणजे कोकमाबद्दल.

मी लहान असताना अण्णांनी वाडीच्या कडेला रातांब्याच्या बिया लावल्या. बारा रोपं जगली. पाऊस उघडला की विहिरीवरून कळशीने पाणी घालायचं काम माझं आणि ताईचं, सहा-सात वर्षं घातलं, आणि मग झाडं फुलली तर सात नर. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून लावलं की फुलोरा येईपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही कुठलं काय आहे ते. नराला फळ नाही म्हणजे आमसूल नाही, आगळ नाही, नुसती सावली. अण्णांनी पाच तोडले, दोन ठेवले, आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही हे मला अजून आठवतं.

आज हा प्रकार होत नाही, निदान ज्याला नको असेल त्याच्याकडे होत नाही, कारण रातांब्याचं कलम बांधता येतं. भरपूर फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी घ्यायची आणि पिशवीतल्या रोपावर पाचर मारून बांधायची. काडी छाटली की पिवळा चीक येतो, हाताला लागला की दोन दिवस जात नाही, नर्सरीवाल्याचा हात त्यावरूनच ओळखावा. काडी उभ्या वाढणाऱ्या फांदीचीच पाहिजे, आडव्या फांदीची घेतलीत तर कलम जगतं पण वरच जात नाही, जन्मभर आडवंच पसरत राहतं. ही एवढी एक ओळ. ही कुणीतरी दोन्ही प्रकारच्या काड्या शेकड्याने बांधून, वर्षानुवर्षं मोजपट्टी घेऊन झाडांखाली वाकून ठरवलेली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली कोकण अमृता ही रातांब्याची जात दिली, त्याच्या बातमीला किती जागा मिळाली असेल देव जाणे.

हापूसचंही तेच. एक वर्ष आंबा, एक वर्ष नुसता पाला, आणि कापला की आत साका, म्हणजे न पिकलेला पांढरट बेचव गर. त्यावर उपाय म्हणून वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, 1981 साली, साका नाही आणि दरवर्षी धरतो. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या विस्ताराच्या व्यासाप्रमाणे मीटरला तीन मिली कल्टार, म्हणजे वाढ रोखणारं औषध, घालतात, हे आमच्याकडे शाळेत न गेलेला गडीसुद्धा सांगेल, पण हा हिशोब विद्यापीठातल्या लोकांनी हापूसवर प्रयोग करकरून बसवला हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. हजारो मोहोर, प्रत्येकाला टॅग, टॅगवर पेन्सिलीने नंबर (पेनाने लिहिलं तर दवाने पुसतो, मी एकदा पुसून घेतलेत आणि गाईडच्या शिव्या खाल्ल्यात), आणि रोज सकाळी शिडी लावून मोजायचं. मी दोन सीझन मोजलं. मग सोडलं आणि नर्सरी टाकली. याची बातमी करणार तरी काय, 'शास्त्रज्ञाने आजही मोहोर मोजला'?

घरी आल्यावर सरांना फोन लावला. अभिनंदन म्हटलं तर पहिलं वाक्य, "तू पण बघितलास का तो? बायको विचारते हा टायवाला कोण." मग बराच वेळ गप्पा झाल्या. मी विचारलं सर, नक्की कुठल्या पेपरांवर आलात यादीत? तर म्हणाले दोन-तीन रिव्ह्यू आहेत, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम गोळा करून लिहिलेले, ते सगळे उचलतात, सोयीचे असतात ना.

"आणि तो रातांब्याचा? ज्याच्यासाठी आम्हाला भर पावसात काड्या आणायला पिटाळायचात तो?"

सर हसले. "त्याला तीन. त्यातलं एक माझंच आहे, ते यादीवाले वगळतात." मग जरा थांबून म्हणाले, "यंदा किती बांधलीस रे रातांब्याची?"

मी म्हटलं चारशे.

"काडी उभी घेतोयस ना?"