‘बेत’ नावाचे जनावर

फ्रेंच शिकायला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात बाईंच्या तोंडून ‘बेत’ हा शब्द ऐकला आणि कसला बेत आखला जात आहे, असे मला क्षणभर वाटले. त्या मात्र फळ्यावरची स्वतःचीच चूक पुसत ‘से बेत’ म्हणत होत्या, म्हणजे ‘काय हा वेडेपणा’. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर नाम म्हणून ‘बेत’चा अर्थ जनावर आणि विशेषण म्हणून मूर्ख. आपण माणसाला बैल किंवा गाढव म्हणतो. फ्रेंचांनी त्यासाठी सगळी जनावरेच वेठीला धरली आहेत.

शब्द मूळचा लॅटिन ‘बेस्तिया’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘बेस्त’ झाले, पुढे ‘स’चा उच्चार गळाला, पण लिहिताना तो शतकानुशतके रेंगाळत राहिला. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७४० सालच्या आवृत्तीने असे मुके ‘स’ मोठ्या प्रमाणावर काढून टाकले आणि ‘बेत’मधल्या ‘ए’च्या डोक्यावर टोपी, म्हणजे ^ ही खूण, चढवली. इंग्रजीने मात्र फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात, ‘स’ जागेवर असतानाच हा शब्द उचलला, म्हणून तिकडे ‘बीस्ट’ राहिले. ‘फोरे’ म्हणजे फॉरेस्ट आणि ‘ओपिताल’ म्हणजे हॉस्पिटल, हेही याच टोपीखाली दडलेले आहे.

फ्रेंचमध्ये ‘आनिमाल’ हाही शब्द आहे, पण त्याच्या मुळाशी ‘अनिमा’, म्हणजे श्वास किंवा प्राण. आपला ‘प्राणी’ तसाच, आणि फारसी ‘जान’वरून आलेले ‘जनावर’ही तसेच. ‘बेत’मध्ये हा प्राण कुठेच नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये लिहिले की जनावरांना माणसापेक्षा बुद्धी कमी असते असे नव्हे, तर ती मुळीच नसते, आणि तिथे त्याने हाच शब्द वापरला. या विशेषणामागचा तिरस्कार मला त्या वाक्यात स्पष्ट दिसतो.

शब्दात भीतीही आहे. १७६४ ते १७६७ या काळात दक्षिण फ्रान्समधल्या जेव्होदाँच्या डोंगराळ मुलुखात गुरे राखणाऱ्या बायकामुलांवर एक श्वापद हल्ले करीत होते. पंधराव्या लुईने पाठवलेल्या फ्राँस्वा आंत्वानने १७६५ च्या सप्टेंबरात एक मोठा लांडगा मारला, तरी काही काळाने बळी पुन्हा पडू लागले. अखेर जून १७६७ मध्ये झाँ शास्तेल या स्थानिक माणसाने आणखी एक जनावर टिपले, तेव्हा हे सत्र थांबले. त्या श्वापदाला लोक नुसते ‘ला बेत’ म्हणत. गावाकडे तिन्हीसांजेला सापाचे नाव न घेता ‘अंगणात जनावर निघालंय’ म्हणणारी माझी आजी मला इथे आठवते.

मात्र हाच शब्द लाल पंखांवर काळे ठिपके असलेल्या इवल्याशा किड्यालाही चालतो. त्याला ‘देवबाप्पाची बेत’ म्हणतात. आणि उगाच खुसपट काढणे म्हणजे ‘बारीकशी बेत शोधणे’. हा वाक्प्रचार मला वर्गातच शिकायला मिळाला. जनावराच्या ‘ए’वर टोपी आणि त्याच कुळातल्या ‘बेताय’मध्ये, म्हणजे गुराढोरांच्या शब्दात, नुसती तिरकी रेघ का, असे मी विचारले, तेव्हा बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि तो वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिला.