रंगीत चष्म्याच्या आधी

आठवी-नववीतलं पोर अभ्यासाला बसलं की दहा मिनिटांत डोळे चोळतं, ओळ सुटते, तीच ओळ परत वाचतं, आणि विचारलं तर म्हणतं, "अक्षरं हलतात." मग गणपतीला आलेला कुणी चाकरमानी सांगतो की मुंबईत रंगीत काचांचा चष्मा मिळतो, त्याने वाचन सुधारतं. हे वाचून किंवा ऐकून चष्मा करायला निघालेल्या पालकांसाठी हे लिहितो आहोत. रंगाचा उपयोग काही मुलांना होतो. पण तो तपासायच्या यादीत शेवटी येतो, आणि तपासायला आधी चष्मा करावा लागत नाही.

या कल्पनेचा उगम १९८० च्या सुमाराचा. न्यूझीलंडमध्ये ऑलिव्ह मिअर्स आणि कॅलिफोर्नियात हेलन अर्लेन यांनी स्वतंत्रपणे मांडलं की काहींना पांढऱ्या कागदावरच्या काळ्या ओळींचा त्रास होतो आणि रंगाने तो कमी होतो. पुढे इंग्लंडमध्ये आर्नोल्ड विल्किन्स यांनी तो मोजायच्या पद्धती बसवल्या. त्रास खरा असू शकतो: बारीक, दाट पट्ट्यांकडे टक लावून पाहिलं की कुणालाही थोडं झगमगल्यासारखं होतं, आणि छापील ओळी म्हणजे पट्ट्याच. मराठीत तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार ओळींमधली जागा खातात, त्यामुळे दाटी वाढते.

पण डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला शिकणं जड जाणं, ही वेगळी गोष्ट. तिचं मूळ प्रामुख्याने भाषेतल्या ध्वनींच्या जाणिवेत आहे. पुस्तक बंद करून विचारा: "'कमळ'मधला 'म' काढला तर काय उरतं?" असे आठ-दहा शब्द विचारल्यावरही मूल वारंवार अडखळत असेल, तर काच कुठल्याही रंगाची घाला, त्याला शिकवण्याची पद्धत बदलावी लागेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं की अशा मुलांसाठी रंगीत काचांना शास्त्रीय आधार नाही. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यातही ठोस पुरावा सापडला नाही. म्हणून "रंगीत काचेने डिस्लेक्सिया बरा करतो" असं कुणी सांगितलं तर तिथे पैसे देऊ नका.

आता डोळे. शाळेतल्या तपासणीत मूल फळ्यावरचं वाचतं म्हणून 'डोळे ठीक' असा शेरा मिळतो, पण दूरचं दिसणं आणि जवळचं अर्धा तास वाचणं यांत फरक आहे. डॉक्टरांना डोळ्यांत औषध घालून नंबर तपासायला सांगा. किशोरवयीन डोळा जोर लावून प्लस नंबर लपवतो, औषधाशिवाय तो निसटतो. घरी दोन गोष्टी पट्टीने पाहता येतात. पेनाचं टोक ४० सेंटिमीटरवरून हळूहळू नाकाकडे आणा आणि टोक दोन दिसू लागलं की मुलाला सांगायला लावा. तीन-चार वेळा पाहूनही १० सेंटिमीटरच्या अलीकडे येण्याआधीच दोन दिसत असतील, तर दोन्ही डोळे आत वळवून एकत्र धरण्यात अडचण असावी. दुसरी गोष्ट: एक डोळा झाकून बारीक अक्षर जवळ आणत न्या आणि कुठे पुसट होतं ते मोजा. नंबर असेल तर चष्मा लावूनच. चौदा वर्षांच्या मुलाला साधारण ९ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवं. १५ सेंटिमीटरलाच पुसट होत असेल तर डॉक्टरांना सांगा. या दोन्ही दोषांतही 'अक्षरं हलतात', आणि दोन्हींवर उपचार आहेत. रंगीत काच लावून ते झाकले जातात, हे सगळ्यात मोठं नुकसान.

घरातला उजेडही पाहा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि काही स्वस्त एलईडी दिवेही तसेच लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर आधी दिवा बदला. पावसाळ्यात आभाळ भरलं की वर्ग दिवसाही अंधारे होतात, तेव्हा मुलाला खिडकीकडची जागा मागा. गाइडांचा चकचकीत कागद आणि सनमायक्याचं टेबल यांवरची तिरीप पुस्तक थोडं कललं तरी जाते.

एवढं झाल्यावरही तक्रार उरली तर रंग पाहा. मखराला लावतात तो जिलेटीन कागद वापरू नका. तो गडद असतो आणि अक्षरांचा उठावच मारतो. स्टेशनरीच्या दुकानातून ए-फोर मापाचे फिकट रंगांचे पारदर्शक एल फोल्डर घ्या, आणि एक बिनरंगीही घ्या. शिवण कापून एकेरी थर करा. अर्धं पान झाका, अर्धं उघडं ठेवा. "कुठला रंग आवडतो?" विचारलं की आवडीचा रंग मिळतो, "कुठल्या बाजूला अक्षरं कमी हलतात?" असं विचारा. दोन-दोन रंगांची तुलना करा, जिंकलेला पुढे न्या.

मग मोजा. मुलाला बिनचूक येणारे १५ सोपे शब्द घ्या: मी, तू, आई, घर, पाणी, आणि, नाही, बघ, ये, जा, वर, झाड, हे, तो, ती. प्रत्येक ओळीत हेच पंधरा, क्रम बदलून, अशा १० ओळी लहान अक्षरात दाटीने छापा. अर्थ नसल्यामुळे मूल अंदाजाने पुढे जाऊ शकत नाही, ओळ सुटली की लगेच कळते. चार वेगवेगळी पानं करा. एक मिनिट बिनरंगी फोल्डरखाली, एक मिनिट रंगाखाली, पुन्हा रंगाखाली, शेवटी पुन्हा बिनरंगी. हा क्रम पाळला नाही तर सरावाने वाढलेला वेग रंगाच्या खात्यात जातो. बरोबर वाचलेले शब्द मोजा. समजा बिनरंगी ८४ आणि ८८, रंगाखाली ९२ आणि ९०. सरासरी ८६ आणि ९१, म्हणजे वाढ सहा टक्क्यांच्या आत. पूर्वी पाच टक्के पुरेसे मानत, पण तेवढा फरक नुसत्या चढउतारानेही पडतो. आम्ही १५ टक्के धरतो, आणि तेही वेगळ्या दिवशी पुन्हा आले तरच.

त्यानंतर तीन-चार आठवडे फोल्डर पुस्तकात ठेवून द्या आणि आठवण करून देऊ नका. मूल स्वतःहून काढून वापरत असेल तर उपयोग होतो आहे. दोन दिवसांनी तो दप्तराच्या तळाशी गेला, तर चष्म्याचंही तेच होणार. जून-जुलैत दमट हवेने फोल्डर कागदाला चिकटतो, कोरड्या सुती फडक्याने पुसत जा. परीक्षेला वापरायचा असेल तर शाळेशी काही महिने आधी बोला, ऐनवेळी काढला तर पर्यवेक्षक अडवणारच. डिस्लेक्सिया निघालाच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. त्याच्या सवलतींसाठी रीतसर तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, फोल्डर पुरत नाही.

चष्मा करायचाच ठरला तर फोल्डरचा रंग दुकानदाराला दाखवून 'हाच द्या' म्हणू नका. फोल्डर फक्त पान रंगवतो. चष्मा सगळंच रंगवतो आणि डोळा त्याला सरावतो, त्यामुळे जमणारा रंग बहुतेक वेळा निराळा निघतो. तो चष्म्यानेच वाचून ठरवावा लागतो. काच साधी सीआर-३९ प्लास्टिकची घ्या, ती गरम रंगाच्या पाण्यात बुडवून हवी तेवढी रंगवता येते. पॉलिकार्बोनेट रंग नीट धरत नाही. दोन्ही काचा एकाच वेळी बुडवायला सांगा, नाहीतर छटा कमी-जास्त होते. रंग फिकटच ठेवा. गडद चष्मा घरात दिवसभर घातला तर डोळे उजेडाला अधिकच नाजूक होतात. आणि सोळा-सतरा वर्षांचं पोर संध्याकाळनंतर स्कूटी घेऊन घाटात निघालं, तर हा चष्मा घरी ठेवून जायला सांगा.