मण्यार की कवड्या?

महोत्सव समितीचा फोन आला, "ताई, शाळेबद्दल चार ओळी लिहून द्या." शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच. मी सायन्सच्या सरांबद्दल लिहिते. कोणते सर, हे आपल्या बॅचला सांगायला नको.

खानापूरकडची शाळा, पावसाळ्यात साप ठरलेलाच. आठवीत असताना पोरांनी पाण्याच्या टाकीमागं पांढऱ्या पट्ट्यांचा साप मारला. "मण्यार, मण्यार" म्हणून एकच गिल्ला. सर आले, आधी पोरांवर उखडले, मग काडीनं त्याची पाठ सरळ करून म्हणाले, "मधली ओळ बघा." मण्यारीच्या पाठीवर मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षटकोनी असतात. इथं सगळे सारखेच, आणि पट्टे मानेपासूनच सुरू. बिचारा बिनविषारी कवड्या, हकनाक मेला.

पुढच्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. सरांनी फळ्यावर घोणशीची गुणसूत्रं काढली: 36, त्यांतली 16 मोठी, 20 अगदी बारकी, तांदळाच्या कण्यांसारखी. फुरशाचीही 36. नागाची मात्र 38. "विषारी सगळेच, पण घराणी वेगळी," म्हणाले. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, नाग-घोणशींसारख्या सापांत आईकडून; मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन गुणसूत्रांची जोडी. त्यांच्यात डब्ल्यू वेगळा ओळखू येतो. यातलं एक अक्षर एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपरात येणार नव्हतं! बनारसला सापांच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. केलेल्या लालजी सिंहांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीत सापडलेला डीएनए पुढं हैदराबादेत माणसांची ओळख पटवायला वापरला, हे कॉलेजात वाचलं तेव्हा मला आधी आपला फळा आठवला.

आज मी पुण्यात एका लॅबमध्ये माणसांची गुणसूत्रं जुळवते. नव्या मुलींना लगेच कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. प्रिंट कात्रीनं कापून 23 जोड्या लावायला सांगते. वैतागतात. वैतागू देत.

मराठीचे वर्ग रोडावलेत, प्रयोगशाळेत आता मोडके बाक रचलेत. बरण्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. सरांनी हातानं रंगवलेला सापांचा तक्ता मात्र आपल्याच एका वर्गमित्रानं घरी जपून ठेवलाय. नव्या हॉलमध्ये देणगीदारांच्या पाटीशेजारी तो लावा, चौकटीचा खर्च माझा. आणि सरांना आणायला गाडी पाठवा. गुडघे दुखतात त्यांचे, पण स्वतःहून सांगायचे नाहीत.