अकरावं काडतूस बसता कामा नये

१७ जून २०१८, न्यू जर्सी

बुधवारी, १३ तारखेला, गव्हर्नर फिल मर्फी यांनी बंदुकांविषयीच्या सहा कायद्यांवर सह्या केल्या. त्यातल्या एकाने मॅगझीनची, म्हणजे बंदुकीला लागणाऱ्या काडतुसांच्या पेटीची, मर्यादा पंधरा काडतुसांवरून दहावर आणली. पंधराची मर्यादा इथे १९९० पासून होती. मुदत १८० दिवसांची, म्हणजे १० डिसेंबर. तोवर मॅगझीन कायद्याने ठेवू शकणाऱ्या कुणाला तरी द्यायचं, निकामी करायचं, पोलिसांकडे जमा करायचं, नाहीतर कायमचं दहावर आणायचं.

माझ्याकडे सामन्याच्या रायफलीची चार आहेत. अ‍ॅल्युमिनियमची, मुळात वीसच्या बॉडीची, आत ठोकळा घालून पंधरावर आणलेली. नवी दहाची मॅगझीन बाजारात मिळतात आणि महागही नाहीत. पण या चारांवर मी नंबर घातलेत, प्रत्येकाची चार वर्षांची नोंद माझ्या वहीत आहे. दोन नंबरने आजवर एकदाही काडतूस अडकवलेलं नाही. ते मी सोडणार नाही. शिवाय वीसची बॉडी तीसच्यापेक्षा आखूड असते, पालथं झोपून नेम धरताना ती जमिनीला टेकत नाही.

८ जुलै

पहिला प्रयत्न सोपा. जुना ठोकळा काढून त्याच जागी स्प्रिंगखाली उंच ठोकळा बसवला, थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलेला. डमी काडतुसं भरून पाहिली (चाचणीला जिवंत काडतूस टेबलावर आणायचंच नाही, हा माझा नियम). दहा गेली, अकरावं गेलं नाही. मी खूश.

२२ जुलै

खुशी दोन आठवडे टिकली. मॅगझीन गाडीच्या डिकीत राहिलं, बाहेर कडक ऊन. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी तेच वापरलं. स्प्रिंगने ठोकळ्याचा माथा दाबून तिरका केला होता. अंगठ्याने जोर दिल्यावर अकरावं डमी जवळजवळ आत गेलं. डिसेंबरनंतर असं मॅगझीन जवळ बाळगणं हा गुन्हा ठरेल. प्लास्टिक बाद.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळली. ठोकळा स्प्रिंगखाली असला की दहावं काडतूस भरताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर टेकतात. म्हणजे मर्यादा ठोकळा ठरवत नाही, मिटलेली स्प्रिंग ठरवते, आणि वेटोळी दर वेळी सारखी बसतीलच असं नाही.

१९ ऑगस्ट

आता अ‍ॅल्युमिनियमचा खांब. तळपट्टीवर उभा, स्प्रिंगच्या पोकळीतून वर आलेला. फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) खाली येतो आणि त्याचा तळ थेट खांबावर टेकतो. स्प्रिंगचा मर्यादेशी संबंधच उरत नाही.

खरी मेहनत खांबाच्या उंचीची आहे, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने इथे सावकाश जावं. दुहेरी रांगेत काडतुसं एकमेकांच्या खाचेत बसतात, त्यामुळे एका काडतुसामागे रांग त्याच्या पूर्ण व्यासाइतकी वाढत नाही. .२२३ च्या काडतुसाचा बुडाशी व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या थोडा वर आहे, पण माझ्या बॉडीत व्हर्नियरने मोजलेली वाढ साडेसहाच्या आसपास भरली. दहा आणि अकरा यांच्यामध्ये एवढीच जागा.

तीही सगळी आपली नाही. दहा भरलेलं मॅगझीन बंद बोल्टखाली (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) लावलं की बोल्ट वरच्या काडतुसाला थोडं खाली दाबतो. फॉलोअर आधीच खांबावर टेकलेला असेल तर ते खाली जायला जागा नसते, कॅच (मॅगझीन धरून ठेवणारी खिट्टी) पूर्ण लागत नाही, आणि मॅगझीन लागल्यासारखं वाटून पहिल्या-दुसऱ्या गोळीला हातात येतं. खांब उंच केला तर हा त्रास, आखूड केला तर अकराव्याला वाट.

पहिला खांब मुद्दाम उंच ठेवला आणि कानशीने थोडाथोडा उतरवत गेलो. दर वेळी दहा डमी, बंद बोल्ट, खालून ओढून पाहणे. मग अकरावं डमी पूर्ण ताकदीने. कॅच निर्धोक लागायला लागल्यावर कानस खाली ठेवली. उरलेल्या जागेचा मध्य गाठायचा मोह झाला होता, पण शंका असेल तिथे मी उंच बाजूला राहिलो. भरायला जड चालेल, अकरावं चालणार नाही.

९ सप्टेंबर

कोल्हापूरहून भाच्याचा प्रश्न: मामा, एवढं कशाला? एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंतने ज्या थ्री पोझिशन रायफल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्या रायफलीत मॅगझीनच नसतं, काडतूस एकेक करून भरतात. त्याचं बरोबर आहे. आमच्या हाय पॉवरमध्येही (अमेरिकेतला रायफल नेमबाजीचा प्रकार) ६०० यार्डांवर एकेकच भरतो. पण रॅपिडमध्ये, बसून ६० सेकंदांत आणि पालथं झोपून ७० सेकंदांत, दहा गोळ्या: आधी दोन, मग मॅगझीन बदलून आठ. दहाच्या कायद्याने सामन्यात काहीच अडत नाही. अडतं ते आठाचं मॅगझीन घाईत नीट न लागल्याने, म्हणून बॉडी ओळखीची हवी.

३० सप्टेंबर

कायमचं बंद करण्याचा दिवस. खांबाचं बूड आणि तळपट्टी इपॉक्सीने, वर आरपार रिव्हेट. कायद्यातला शब्द ‘कायमचं’ असा आहे, म्हणून हाताने सरकवता येणारी तळपट्टी मला पुरेशी वाटली नाही. रिव्हेटच्या भोकाला आतून राहिलेली बारीक धार आधी काढा. स्प्रिंग तिथे घासते. आतून सफाई करायची ती शेवटची संधी, आता फक्त वरून हवा मारायची.

आणि हे न्यू जर्सीपुरतं, मुदतीआधीपुरतं. मुदतीनंतर वीसची कोरी बॉडी आणून घरी बदलणं इथे चालणार नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कचे नियम निराळे आहेत. तिथल्या मंडळींनी आधी वकिलाला विचारावं.

२८ ऑक्टोबर

रेंजवर प्रत्येकी शंभर गोळ्या. एक, दोन आणि चार नंबर स्वच्छ चालले. तीन नंबरमध्ये दोनदा शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबला नाही. फॉलोअर खांबाच्या कडेला घासत होता, म्हणून वर येऊन बोल्ट अडवत नव्हता; तळपट्टी बसवताना खांब केसभर कलला असणार. ते आता उघडता येत नाही. सरावालाही नको, निकामी करून टाकलं.

९ डिसेंबर

बुधवारी फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने या कायद्याला स्थगिती नाकारली. उद्या मुदत संपते. आज तिन्ही मॅगझीनवर पुन्हा दहा डमी, बंद बोल्ट, मग अकरावं. तिन्हींत बाहेरच राहिलं. वहीत एक, दोन, चारसमोर आजची तारीख घातली आणि तीनच्या ओळीवर रेघ मारली.