पितळेचा बॉलकॉक

त्या दिवशी सकाळी काकांच्या कामाच्या टेबलावर मी काचेच्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत त्यांच्या समुद्री माशांच्या टाकीतले पाणी होते आणि दुसरीत मी घरून आणलेले, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून रात्रभर हवा सोडलेले पाणी. दोन्हींचे तापमान २६ अंश, दोन्हींची विशिष्ट घनता १.०२६. प्रत्येकीत माझ्या टाकीतली एकेक ट्रोकस जातीची समुद्री गोगलगाय सोडली. तासाभरात दुसऱ्या बरणीतली गोगलगाय पाय पसरून काचेवर चढली. पहिल्या बरणीतली शंखातून अर्धवट बाहेर आली, पायाची कड तिने आत मुडपून घेतली आणि ती काच धरेना. दुपारपर्यंत ती उताणी पडली होती. सरळ केली तरी पुन्हा कलंडत होती. टाकीतले जीव मरतात म्हणून तीन आठवडे सगळ्यांनी टाकीवरच्या ज्या दिव्याला दोषी ठरवले होते, तो त्या बरण्यांपासून चांगला दहा फूट लांब होता.

लोकांच्या घरातल्या समुद्री टाक्या सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, आणि ज्यांच्या हातात कसब आहे त्यांना उपकरणे घरीच करायला लावणे ही माझी खोड. माझे व्यवसायबंधू यावर हसतात, कारण विकत घेतलेल्या स्किमरवर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या उपकरणावर, कमिशन मिळते, पाइपाच्या तुकड्यावर मिळत नाही. पण हा छंद वाढला तोच साध्या सामानावर. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या पद्धतीविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्या टाक्यांत समुद्रातून आणलेला जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे यांच्यापलीकडे फारसे काही नव्हते.

काका निवृत्त टर्नर. त्यांच्यासारखा गिऱ्हाईक मला पुन्हा मिळणार नाही. त्यांनी केलेला स्किमर मी अजून इतरांना दाखवतो. चार इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटी उभा तुकडा, तळाशी एन्ड कॅप, आत लाकडी एअरस्टोन, वर रिड्यूसर लावून अरुंद केलेला गळा आणि त्यावर पालथी बसवलेली प्लास्टिकची बरणी. टाकीतले पाणी वरून आत येते, बुडबुडे खालून वर जातात, आणि या उलट्या वाटचालीत पाण्यातले प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वर चढतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून हे जमते. गोड्या पाण्यात तीच नळी नुसती खदखदते. सगळी मेख पाण्याच्या पातळीत असते. ती गळ्याच्या अर्ध्या इंचाने वर गेली की बरणीत नुसते पाणी, खाली राहिली की कोरडा फेस आतल्या आत जिरतो. बहुतेक जण बाहेर जाणाऱ्या नळीला कॉक लावून ही पातळी साधू पाहतात आणि रोज फिरवत बसतात. काकांनी तिथे आट्यांवर वरखाली होणारी उभी नळी केली, एका फेऱ्याला दोन मिलिमीटर सरकणारी. नव्या प्लास्टिकचा तेलकटपणा जाईपर्यंत पाचसहा दिवस फेस धरला नाही. सातव्या दिवशी बरणीत काळपट हिरवा, कुबट वासाचा द्राव साचला आणि काकांनी मला तो बघायला मुद्दाम बोलावले.

वरच्या टाकीतून खालच्या सम्पमध्ये, म्हणजे उपकरणे ठेवायच्या खालच्या टाकीत, पाणी आणणारी आणि परत नेणारी वाटही त्यांनी चोख केली होती. पंपाने वर परत जाणाऱ्या नळीला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली लगेच एक भोक पाडायचे, म्हणजे पंप थांबला की त्या भोकातून हवा शिरून उलटा सायफन तुटतो. नॉनरिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवणाऱ्यांच्या फरशा मी पुसल्या आहेत, म्हणून पंप दहा वेळा बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढते ती रेघ मार्करने मारल्याशिवाय मी कोणाच्याही टाकीत मासा सोडू देत नाही.

राहिले ते रोजच्या भरतीचे पाणी. उघड्या तोंडाच्या दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीनेक लिटर पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, म्हणून तेवढेच गोडे पाणी परत घालावे लागते. त्यासाठी उंचावर आरओ-डीआयच्या, म्हणजे सगळे क्षार काढलेल्या, पाण्याचा डबा, तिथून खाली एक नळी आणि सम्पमध्ये पातळी उतरली की उघडणारा तरंगता व्हॉल्व्ह. गोगलगाय चढून बसली तर तरंगता गोळा अडकतो आणि डबाभर पाणी टाकीत रिकामे होते. म्हणून मी काकांना त्याभोवती जाळीचे आवरण करायला सांगितले. त्यांनी पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याला कानशीने बारीक खाचा पाडून असे पिंजऱ्यासारखे घर केले की मी त्याचा फोटो काढला.

टाकी पाच आठवडे नीट चालली. सहाव्या आठवड्यात गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या, क्लीनर कोळंबी कात टाकताना मेली, झोआ नावाच्या प्रवाळांची तोंडे मिटली ती उघडेनात. क्लाउनफिशची जोडी मात्र मजेत खात होती. दुकानदाराने फोनवरच निदान केले की घरी केलेला एलईडी दिवा फेकून द्या. काकांच्या मुलाचेही तेच म्हणणे. मी दोनदा येऊन गेलो, अमोनिया शून्य, क्षारता ८ डीकेएच, कॅल्शियम ४२० असे सगळे ठीक असलेले आकडे वहीत लिहिले आणि पीव्हीसी जोडायच्या सोल्युशनवर संशय घेतला. सम्पमधून चुंबकही फिरवला. नळीच्या क्लिपचा पट्टा स्टेनलेस असतो, पण त्याचा स्क्रू पुष्कळदा साध्या लोखंडाचा निघतो आणि खाऱ्या पाण्यात महिन्याभरात फुलतो. चुंबकाला काहीही चिकटले नाही आणि मी समाधानाने घरी गेलो.

बरण्यांनी त्या दिवशी सांगितले की दोष पाण्यातच आहे, आणि मासे ठणठणीत असताना गोगलगायी व कोळंबी मरत असतील तर ते बहुधा तांबे असते. माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके घालवायला मुद्दाम तांबे देतात, लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, मासा ते सोसतो, कवचधारी आणि प्रवाळ त्याच्या अंशानेही जातात. गोगलगायी आणि कोळंबी यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच तांब्याचे असते, तरी मोकळे तांबे त्यांना विष ठरते, हे मला अजूनही चमत्कारिक वाटते. बॅगेच्या तळाशी तांब्याची चाचणी होती, मी ती कधी काढलीच नव्हती. रंगपट्टीच्या सर्वांत खालच्या छटेशी जुळेल न जुळेल असा रंग आला.

मग सम्पमधली प्रत्येक वस्तू हाताने चाचपली. पिंजऱ्याच्या खाचेतून करंगळीचे नख आत घातले तेव्हा आतला भाग खरखरीत लागला, आणि बोट बाहेर काढले तर नखाच्या कडेला हिरवट निळा राप होता. पिंजरा उघडला. आत अर्ध्या इंचाचा पितळेचा बॉलकॉक होता, दांडा कापून आखूड केलेला आणि बैठक लेथवर घासून अशी बसवलेली की बंद असताना थेंब गळत नव्हता. खालची बाजू खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी पार कळकली होती. आतून क्षारच नसलेले आरओ-डीआयचे पाणी जात होते, जे ज्याला स्पर्श करील त्यातले काही ना काही उचलते. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते.

"प्लास्टिकचा आणला होता," काका म्हणाले, "पण त्याचे आटे बघा, हाताने आवळले तरी झिजतात. पाण्याच्या कामाला पितळच."

मी तांब्याचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी मी दिलेली सामानाची यादी आणली. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, केलेल्या कामावर बरोबरची खूण. माझ्याच अक्षरात नववी ओळ होती: फ्लोट व्हॉल्व्ह, अर्धा इंच, १ नग. त्यांनी मला काही ऐकवण्यासाठी ती आणली नव्हती. आपली कुठे चूक झाली ते त्यांना शोधायचे होते. ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "यात तर काही लिहिलेले नाही." मी म्हटले, "हो, लिहिलेले नाही." ज्या माणसाने आयुष्यभर नकाशावर लिहिले तेवढेच आणि तसेच केले, त्याच्यासमोर याहून जास्त बोलणे मला जमले नाही.

त्याच दिवशी आम्ही ऐंशी लिटर पाणी बदलले, चार दिवसांनी पुन्हा तेवढेच, आणि सम्पमध्ये सक्रिय कोळशाची व तांबे शोषणाऱ्या रेझिनची पिशवी लावली. खडक आणि वाळू यांनी धरलेले तांबे सावकाश सुटत राहते, त्यामुळे पाणी बदलून काम भागत नाही. काकांनी तिसऱ्या दिवशी नायलॉनच्या सळईतून नवा व्हॉल्व्ह केला, जुन्यापेक्षा देखणा. मुलाने दिव्याबद्दल अवाक्षर काढले नाही. दुकानदाराने मात्र नवा दिवा कधी घेताय म्हणून फोन केला. दर रविवारी काका बरणीत टाकीचे पाणी घेऊन एक गोगलगाय सोडतात आणि ती किती वेळाने काचेवर चढली ते मला कळवतात. गेल्या रविवारी चाळीस मिनिटे लागली.

यादीत आता प्रत्येक वस्तूपुढे मी साहित्य लिहितो. जुनी यादी अकरा जणांना दिली होती. आठ जणांना फोन करून झाले, त्यांतल्या एकाच्या टाकीत पितळच निघाले आणि त्याच्या गोगलगायी कधीच्या संपल्या होत्या. त्यानेही दिवाच बदलला होता. उरलेल्या तिघांचे फोन लागत नाहीत.